फटफटीचा कणा

आपल्या भाषेत कण्याला फार मान आहे. जो कोणापुढे वाकत नाही त्याच्याविषयी आपण आदराने बोलतो; आणि ‘त्याला कणाच नाही’ असे एकदा म्हटले, की त्या माणसाविषयी आणखी काही विचारायचे उरत नाही. ताठ, करारी, बाणेदार ही आपली गौरवाची विशेषणे. लवचीक माणसाची आपण स्तुती केलीच तर ती मुत्सद्दी म्हणून करतो, आणि तिच्यात निम्मी निंदा असते. ही मोजपट्टी बरोबर आहे की नाही, हा प्रश्न मोठमोठ्या चरित्रांच्या आधारे पुष्कळ वेळा तपासला गेला आहे. मी तो एका अगदी साध्या वस्तूच्या आधारे तपासणार आहे. ती वस्तू म्हणजे जुनी फटफटी.

फटफटीलाही कणा असतो. कारागीर त्याला चेसिस म्हणतात, इंग्रजी जाणणारे फ्रेम म्हणतात. पोलादी नळ्यांचा तो सांगाडा टाकीखाली आणि इंजिनाभोवती लपलेला असतो; दसऱ्याला झेंडूची माळ हँडलला पडते, चाकांना हळदकुंकू लागते, या बिचाऱ्याकडे कोणी पाहत नाही. भंडाऱ्यात, तुमसरला, साकोलीला, पवनीला गल्लीबोळांतल्या गॅरेजांत आजही एखादी राजदूत किंवा बुलेट, क्वचित एखादी येझदी, अशी उघडी करून ठेवलेली दिसते. राजदूत ही पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीची भारतीय बहीण. साठीच्या दशकात ती आपल्याकडे बनू लागली आणि दूधवाल्यांपासून शाळामास्तरांपर्यंत साऱ्यांची झाली. बुलेट मद्रासेत १९५५ पासून जुळवली जाऊ लागली. येझदीची आई जावा, ती १९६१ पासून म्हैसुरात तयार होई. या गाड्यांनी धानाची पोती वाहिली, लग्नातल्या करवल्या वाहिल्या, आजाऱ्यांना दवाखान्यात नेले. आता त्यांपैकी कित्येकींचे मालक दुसऱ्या पिढीचे आहेत, आणि ते मिस्त्रीला येऊन सांगतात: “भाऊ, गाडी डोलते. चेसिस कडक करून द्या.”

हे मागणे वरवर पाहता यंत्रविद्येचे आहे. मला ते नीतिशास्त्राचे वाटते.

आधी डोलण्याचे कारण पाहू. दोन चाके एकाच पातळीत राहिली तर फटफटी सरळ जाते. पुढचे चाक हँडलच्या मानेत, म्हणजे ज्या नळीत कोनसेट बसतो तिच्यात, फिरते. मागचे चाक चिमट्यात बसलेले असते. या मानेपासून चिमट्याच्या खिळीपर्यंतचे अंतर सांगाडा सांभाळतो. वळणावर किंवा खड्ड्यात तो सांगाडा पिळला गेला, तर मान एकीकडे आणि चिमटा दुसरीकडे बघू लागतो, आणि चालवणाऱ्याने हँडल न वळवताच गाडी आपण होऊन वळते. मग ती सावरते, मग उलट बाजूला जाते. मागचा भाग सेकंदाला दोन ते चार वेळा असा झुलू लागला तर त्याला एक नाव आहे. पुढचे चाक सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरले तर त्याला दुसरे नाव आहे. बसणाऱ्याला नावांशी कर्तव्य नसते. त्याच्या पोटात गोळा येतो एवढे खरे.

सांगाडा कडक करण्याची युक्ती घरातल्या मुलांनाही समजेल अशी आहे. चार काड्यांची टोके टाचणीने जोडून चौकोन करा. बोट लावताच तो कलंडेल. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी जोडा. तो हलणार नाही, कारण आता तिथे चौकोन नाही, दोन त्रिकोण आहेत. गोठ्याच्या फळ्यांच्या दाराला सुतार तिरपी पट्टी मारतो ती याचसाठी. फटफटीच्या मानेजवळ वरची नळी आणि खाली उतरणारी नळी यांच्या बेचक्यात पोलादी पत्र्याचा त्रिकोणी तुकडा जोडतात, चिमट्याच्या खिळीभोवती दुसरा जोडतात, चिमट्यालाच वरून कमान देतात. जाडी वाढवण्यापेक्षा नळीचा घेर वाढवणे अधिक फायद्याचे, हेही एक गणित आहे: पातळ पत्र्याच्या नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होते, पण ताठपणा आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर वजनही दुप्पट आणि ताठपणाही दुप्पटच. बांबूला हे शाळेत न जाता ठाऊक आहे.

या विद्येतला सर्वांत गाजलेला प्रयोग इंग्लंडात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांना ‘बागेचे फाटक’ असे टोपणनाव पडले होते, आणि इंजिनाचे बळ वाढत गेले तसे ते सांगाडे ताणाखाली तडकू लागले. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस या कारागिराने नवा सांगाडा रचला: दोन नळ्यांचे दोन पूर्ण फेरे, मानेजवळ एकमेकींना छेदून जाणारे, झाळकामाने जोडलेले. १९५० साली तो शर्यतीत उतरला. त्या वर्षीच्या आइल ऑफ मॅनच्या सीनियर टीटी शर्यतीत जेफ ड्यूक पहिला आला, आणि पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे होते. पण मला मौज वाटते ती त्याच्या नावाची. हॅरल्ड डॅनियल नावाच्या शर्यतपटूने ती गाडी चालवून पाहिली आणि तो म्हणाला, ही तर पिसांच्या गादीवर बसल्यासारखी आहे! तेव्हापासून त्या सांगाड्याचे नावच ‘फेदरबेड’, पिसांची गादी.

त्या काळातल्या सर्वांत ताठ सांगाड्यांपैकी एकाला लोकांनी गादीचे नाव दिले. हा विनोद नव्हे. कणा पिळत असला की मालक काय करतो? स्प्रिंगा कडक करतो, कारण मऊ स्प्रिंगांवर डोलणारा सांगाडा अधिकच डोलतो. मग प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसतो. कणा स्थिर असला की स्प्रिंगांना मऊ राहता येते. चाक वरखाली होते, खड्डा गिळते, आणि बसणाऱ्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणजे एका ठिकाणचा ताठपणा हा दुसऱ्या ठिकाणच्या मार्दवासाठी असतो. आपल्या ओळखीत असे काही वडीलधारे असतात की तत्त्वाच्या दोन-चार गोष्टींवर ते तसूभर हलत नाहीत, आणि नेमक्या त्यामुळे बाकीच्या सगळ्या बाबतीत घरातल्या पोरांना त्यांच्याशी वाटेल ते बोलता येते. आणि असेही असतात, की ज्यांचे आतले काहीच पक्के नसते, म्हणून जेवणाच्या ताटात मीठ कुठे वाढावे यावरही ते कडक असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना आपण करारी म्हणतो, ही आपली चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ‘कडक करून द्या’ म्हणताच पट्टी मारणारा मिस्त्री मला शहाणा वाटत नाही. जाणता मिस्त्री आधी गाडी मधल्या स्टँडवर उभी करतो आणि मागचे चाक हाताने डावीउजवीकडे हलवून पाहतो. चिमट्याचे बुश झिजलेले असतात. कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांनी खळगे पाडलेले असतात. चाकाच्या तारा सैल असतात, टायर घासून मधोमध सपाट झालेला असतो. मग तो दोन्ही चाकांच्या कडेने सुतळी ताणतो आणि चाके एका ओळीत आहेत का ते बघतो. दहापैकी बहुतेक वेळा कण्यावर घातलेला आळ एखाद्या बुशाचा असतो. पण बुश बदलला, हे चारचौघांत सांगण्यासारखे नाही. ‘चेसिस मजबूत करून घेतली’ हे सांगण्यासारखे आहे. संस्थांच्या आणि घरांच्या बाबतीतही रोजच्या झिजेकडे लक्ष देण्यापेक्षा शिस्तीची नवी पट्टी ठोकणे आपल्याला अधिक पुरुषार्थाचे वाटते. पण ते असो.

समजा, बुश बदलले, कोनसेट बदलला, आणि तरीही सांगाडा खरोखरच पिळतो आहे. आता पट्टी मारायला हरकत नाही. पण कुठे, आणि कशी? इथे एक गोष्ट घडते ती विचार करणाऱ्याला अस्वस्थ करील अशी आहे. पट्टी मारली तिथे नळी वाकणे थांबते. परंतु वाकवणारे बळ नाहीसे होत नाही. ते पट्टी जिथे संपते तिथे जाऊन उभे राहते. आधी हातभर लांबीची नळी थोडीथोडी वाकून तो भार वाटून घेत होती. आता ते सारे वाकणे पट्टीच्या टोकाशी, बोटभर जागेत, होऊ लागते. वर्षा-दोन वर्षांनी तिथेच केसासारखी भेग दिसते. धातूच्या या मरणाला यंत्रशास्त्रातही थकवा हाच शब्द आहे: एका घावाने नव्हे, लाखो लहान लहान हेलकाव्यांनी येणारा. म्हणून चांगला कारागीर पट्टीचे टोक चौकोनी ठेवत नाही. माशाच्या शेपटीसारखे फाडून निमुळते करतो, म्हणजे ताठपणा एकदम संपत नाही, हळूहळू उतरत जातो. नळीला आडवा टाका मारायचे तो टाळतो, लांबीच्या दिशेने मारतो. आणि कुठे भेग पडलेलीच असेल, तर ती जिथे संपते तिथे बारीक भोक पाडतो. भेगेचे टोक अणकुचीदार असते म्हणून ती पुढे सरकते. गोल भोकात ती अडते. मग तो झाळायला घेतो.

भंडाऱ्याच्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये, कारण हे शहर पितळेचे. भांडी घडवणाऱ्या कारागिरांची संख्या आता रोडावली असली तरी हातोड्याखाली पितळेचे काय होते हे इथल्या जुन्या घरांना ठाऊक आहे. ठोकत गेले की पितळ कडक होते. आणखी ठोकले तर फाटते. म्हणून कारागीर मधूनमधून भांडे भट्टीत लालसर तापवतो, आणि ते पुन्हा मऊ झाले की पुढचा घाव घालतो. जे पितळ असे तापवून सैल केले नाही ते दिसायला ठणठणीत असते, पण घावांचा ताण त्याच्या अंगात दडून राहतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्करी ठाण्यांत पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. कोणी हात लावलेला नसे. घडणीतला दडलेला ताण आणि तबेल्याच्या हवेतला अमोनिया या दोघांची ती करणी होती, हे १९२१ साली नीट उलगडले. वेल्डिंगच्या टाक्यातही असाच ताण दडून बसतो, कारण वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि भोवतालच्या नळीला ओढून धरतो. सांगाडा साच्यात घट्ट न बांधता टाके मारले तर मान एका बाजूला ओढली जाते. कडक झालेली, पण वाकडी कडक झालेली गाडी. जुन्या इंग्रजी घडणीच्या कित्येक सांगाड्यांत तर नळ्या ओतीव सांध्यांत बसवून पितळी झाळेनेच जोडलेल्या असत. त्या सांध्यावर कोणी उत्साहाने विजेचे वेल्डिंग मारले, की वितळलेले तांबे-जस्त पोलादाच्या कणांमध्ये शिरते आणि पोलादच ठिसूळ होते. जुन्या वस्तूला बळकट करायचे असेल तर ती मुळात कशाने जोडलेली आहे हे आधी पाहावे लागते.

शेताकडे वळून पाहिले तरी तेच दिसते. या मुलखात कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव शतकानुशतके धानाला पाणी देत आले. त्यांची पाळ नुसती उंच आणि रुंद म्हणून टिकली नाही. बाजूला सांडवा ठेवलेला होता म्हणून टिकली. पाळ वाढवून सांडवा बुजवणारा माणूस तलाव बळकट करीत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा जर खटाटोप, तर जुन्या गाडीत हात घालूच नये; ती आहे तशी असू द्यावी. या म्हणण्यातही तत्त्व आहे. पट्टी मारलेली, चिमटा बदललेली, बुश नवे घातलेली गाडी ती वडिलांचीच गाडी राहते का? पवनीला वैनगंगेच्या काठी १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तशा स्तूपांच्या त्या प्राचीन काळात मिलिंद राजाने भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारले आणि नागसेनाने त्यालाच उलट विचारले, की तू आलास तो रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सांगाडा म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागले. आपला परिवहन कायदा नागसेनाइतका सूक्ष्म नाही. गाडी कोणती, हे ओळखण्यासाठी तो सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक पाहतो. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून नोंदीतला तपशील वेगळा पडेल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते पुन्हा ठणकावून सांगितले. हौशी मंडळींना हे कलम जाचक वाटते. मला ते वाटत नाही. मूळ कारखान्यात कोणीतरी बसून कुठे किती वाकावे याचा हिशेब केलेला असतो, आणि आपण हातोडा उचलतो तेव्हा तो हिशेब आपल्यासमोर नसतो. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा कणा बदलायचा तर परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे, यात मानहानी कसली?

शिवाय ताठपणाचा हिशेब पुरता संपलेला आहे असेही नाही. नॉर्टननंतर चाळीसेक वर्षे सगळे सांगाडे अधिकाधिक ताठ होत गेले. नळ्या गेल्या आणि ॲल्युमिनियमच्या रुंद तुळया आल्या. मग शर्यतीच्या मैदानावर एक विचित्र तक्रार ऐकू येऊ लागली. गाडी फार कडक आहे, वळणावर काही कळत नाही. आजचे शर्यतपटू वळताना गाडी साठ अंशांहून अधिक झुकवतात. इतक्या झुकलेल्या गाडीला खड्डा बाजूने लागतो आणि स्प्रिंगा तर वरखालीच चालतात. तेव्हा तो धक्का घेणार कोण? म्हणून आता अभियंते सांगाड्याच्या बाजू मुद्दाम पातळ करून तिथे थोडी लवण ठेवतात. पुढून-मागून ताठ, पिळायला ताठ, आणि आडवा किंचित लवणारा. हे कळायला जगातल्या हुशार माणसांना काही दशके लागली.

राहता राहिला तो प्रश्न, ज्याच्यामुळे मी याला नीतिशास्त्र म्हटले. डोलणारी गाडी बोलत असते. साठाच्या पुढे गेलात तर मी थरथरेन, असे ती चालवणाऱ्याला प्रत्येक फेरीत सांगते, आणि तो निमूटपणे पंचेचाळिसाने जातो. पट्टी मारली की तिचे बोलणे बंद होते. आता ती सत्तरीला गप्प असते. पण तिचे ब्रेक तेच जुने ड्रमचे असतात, तारा त्याच असतात, टायर तितकेच अरुंद असतात. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणारा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे, आणि कोणत्याही वळणावर पुढ्यात धानाचा ट्रॅक्टर येऊ शकतो. ज्या कमजोरीने माणसाला सांभाळले होते ती काढून घेणे हा उपकार की अपकार? कडक केल्याबद्दल पैसे मिस्त्री घेतो, फुशारकी मालक मारतो, आणि वाढलेल्या वेगाचा भार जिला कोणी विचारलेच नाही ती मागे बसलेली बाई वाहते, टाकीवर बसलेले पोर वाहते. ताठपणाची किंमत ताठ होणाराच देतो, अशी आपली समजूत आहे. बाणेदार माणसांच्या बायकामुलांना विचारले तर ती समजूत फार टिकणार नाही.

म्हणून डोलणारी गाडी तशीच ठेवावी, असे मात्र मी म्हणणार नाही. एका खड्ड्यात ती आवरली नाही तर तीच बाई आणि तेच पोर खाली पडणार आहेत. मिस्त्रीला दोन्ही बाजूंनी जोखीम आहे, आणि पट्टी मारायची की नाही हे त्याला संध्याकाळपर्यंत ठरवायचे आहे, कारण उद्या दिवाळीची सुटी.

एका मिस्त्रीची रीत मला ठाऊक आहे. गाडी डोलते म्हणून कोणी आले की तो आधी चेसिस पाहत नाही, बुशही पाहत नाही. तो विचारतो, “मागे कोण बसते?” आणि उत्तर मिळाले की म्हणतो, “उद्या त्यांना घेऊन या. एकट्याने फेरी मारून मला ही गाडी समजणार नाही.” बहुतेक गिऱ्हाइके हसतात. काही जण दुसऱ्या दिवशी खरेच वहिनींना घेऊन येतात, पिशवीसह, आणि तो त्यांना बाकावर बसवून आधी त्यांनाच विचारतो, की गाडी नेमकी कुठे डोलते.